पेसा, पैसा आणि फुटबॉल: एव्हर्टन दार-एस-सलामला का गेलं?

13 जुलै 2017. टांझानियातल्या दार-एस-सलामचं राष्ट्रीय स्टेडियम, साधारण साठ हजार खुर्च्यांचं. सामन्याच्या पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास वेन रूनीला गोलपासून बराच लांब चेंडू मिळाला. त्याने मान वर करून एकदा पाहिलं आणि तिथूनच हाणला. गोल! त्याच सामन्यात एक पठ्ठ्या कुंपण ओलांडून थेट मैदानात घुसला आणि रूनीला कडकडून मिठी मारून मोकळा झाला.

रूनी हा लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या क्लबचा घरचा पोरगा. अठराव्या वर्षी, 2004 मध्ये, तो मँचेस्टर युनायटेडला गेला आणि तेरा वर्षं तिथेच राहिला. 9 जुलै 2017 ला तो एव्हर्टनला परतला. लिव्हरपूलकरांनी या पुनरागमनाची किती वाट पाहिली असेल! आणि चारच दिवसांत त्याने परतीचा पहिला गोल केला तो हजारो किलोमीटर लांब, हिंदी महासागराच्या काठी. समोर कोण, तर केनियातल्या नायरोबीचा गोर माहिया हा क्लब.

जरा गोंधळाचंच आहे हे. क्लब इंग्लंडचा, प्रतिस्पर्धी केनियाचा आणि मैदान टांझानियाचं. असं का? याचं उत्तर फुटबॉलमध्ये शोधायला गेलात तर सापडणार नाही. ते एव्हर्टनच्या खेळाडूंच्या छातीवर छापलेलं होतं: स्पोर्टपेसा. पण तिथे पोचण्याआधी हे हंगामपूर्व दौऱ्याचं प्रकरण मुळात काय असतं ते पाहू.

युरोपातल्या बहुतेक मोठ्या लीग ऑगस्टमध्ये सुरू होतात आणि मे महिन्यात संपतात. जूनमध्ये खेळाडू सुट्टीवर. जुलैच्या सुरुवातीला ते परत येतात तेव्हा पाय जड झालेले असतात, दम लवकर लागतो. मग पाच-सहा आठवडे पळणं, व्यायाम, नव्या खेळाडूंची ओळखपाळख आणि अधूनमधून सराव सामने. या सामन्यांचे गुण कुठेच मोजले जात नाहीत. प्रशिक्षकाला विचारलंत तर तो सांगेल की कुठेतरी थंड हवेचं ठिकाण द्या, चांगलं गवत द्या आणि आम्हाला एकटं सोडा. पण क्लबच्या हिशेबनिसाला तेच पाच आठवडे रिकामे दिसतात. मैदान बंद, तिकीटविक्री बंद, आणि कोट्यवधींचे पगार मात्र चालू. दौरा ठरतो तो या दोघांच्या ओढाताणीतून, आणि अलीकडे बहुतेक वेळा हिशेबनीसच जिंकतो.

पैशांची गणितं कशी चालतात हे समजायला आपल्याकडचा तमाशाचा फड डोळ्यांसमोर आणा. फडाच्या कमाईचे मार्ग दोन. एक, स्वतःचा तंबू ठोकायचा आणि तिकीट लावायचं. गर्दी झाली तर फायदा, पाऊस आला तर खोट. दुसरा मार्ग सुपारीचा. जत्रेच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथे येतात, रक्कम ठरवतात आणि सुपारी देऊन जातात. मग गावात दोनशे माणसं आली काय किंवा पाच हजार आली काय, फडमालकाला फिकीर नाही. ती कमिटीची डोकेदुखी.

मोठा फुटबॉल क्लब दौऱ्यावर जातो तो बहुतेक वेळा सुपारीवर. यजमान आयोजक ठरावीक रक्कम देतो. विमान, हॉटेल आणि सुरक्षाही बहुधा त्याच्याच माथी. हे पैसे तो तिकिटं, स्थानिक प्रायोजक आणि टीव्हीचे हक्क विकून वसूल करू पाहतो. कागदपत्रांचा पसाराही मोठा. परदेशी क्लब आपल्या देशात खेळणार म्हटलं की तिथल्या फुटबॉल संघटनेची परवानगी लागते, क्लबच्या स्वतःच्या संघटनेचीही लागते, आणि असे सामने जुळवून देणाऱ्या दलालांसाठी फिफाची वेगळी नियमावली आहे. एखादा दौरा जाहीर होऊन रद्द होतो तेव्हा गाडी बऱ्याचदा याच पसाऱ्यात अडकलेली असते. इंग्लंडचा आर्सेनल क्लब 2012 च्या ऑगस्टमध्ये नायजेरियाला जाणार होता. बातम्या झाल्या, चाहते हरखले, आणि दौरा झालाच नाही.

सुपारीत आणखी एक कलम असतं, कोण नाचणार त्याचं. गावाला फडाबरोबर ती ठरावीक नर्तकी हवी असते, तसा आयोजकाला क्लबबरोबर तो ठरावीक खेळाडू हवा असतो. हे कलम मोडलं तर काय होतं ते 2019 मध्ये दक्षिण कोरियात दिसलं. इटलीचा जुव्हेंटस क्लब सोलला खेळायला आला. क्रिस्तियानो रोनाल्डो किमान 45 मिनिटं खेळेल असं आयोजकाने सांगून ठेवलेलं. तो संपूर्ण सामना बाकावर बसून राहिला. प्रेक्षक कोर्टात गेले, आणि कोर्टाने भरपाई द्यायला लावली ती आयोजकाला. सुपारी घेणारा मोकळा, देणारा अडकला.

आता स्पोर्टपेसाकडे येऊ. ही केनियातून सुरू झालेली सट्ट्याची कंपनी, खेळांच्या निकालांवर पैसे लावून घेणारी. केनियात 2007 पासून एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आहे. आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी तिथला भाजीवाला फोनवर पैसे घेत होता. या सोयीच्या खांद्यावर बसून सट्टा घरोघरी पोचला. शनिवारी प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या अव्वल लीगचे, सामने असतात, खिशात फोन असतो आणि त्यात पैसे असतात. लावायला कितीसा वेळ लागतो?

जाता जाता एक गोष्ट. स्वाहिलीतला ‘पेसा’ म्हणजे पैसे, आणि हा शब्द तिकडे गेला तो आपल्याच ‘पैसा’वरून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची ये-जा जुनी. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेत 1920 पर्यंत रुपयाच चालत होता. दार-एस-सलाम जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांच्या कंपनीने तांब्याची नाणी पाडली त्यांचं नाव ‘पेसा’, आणि 64 पेसांचा एक रुपया. आपल्या आजोबा-पणजोबांच्या रुपयाचेही 64 पैसेच होते. दुकानाला तिथे ‘दुका’ म्हणतात, गाडीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’. तेव्हा एव्हर्टनच्या निळ्या जर्सीवर 2017 साली जे अवतरलं, त्यातला अर्धा शब्द आपला होता.

त्या वर्षी स्पोर्टपेसाने एव्हर्टनशी पाच वर्षांचा करार केला. बातम्यांत आलेला आकडा वर्षाला सुमारे 96 लाख पौंडांचा. क्लबच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार. आता कंपनीच्या बाजूने विचार करा. लिव्हरपूलमध्ये बसून केनियन कंपनीच्या नावाने पैसे लावणारे असे किती जण असणार? खरं गिऱ्हाईक नायरोबीत, किसुमूत, दार-एस-सलामात. इंग्लंडमधली जर्सी हा नुसता फलक, आणि तो टीव्हीवरून आफ्रिकेत दिसावा एवढ्यासाठी लावलेला. अशा करारात क्लबने आमच्या बाजारपेठेत येऊन दर्शन द्यायचं हे ओघानेच येतं. इथे वेगळी सुपारी फोडावी लागत नाही, ती वर्षाच्या रकमेतच धरलेली असते.

मग केनियन कंपनीने पहिला सामना टांझानियात का लावला? कारण केनियात बस्तान बसलेलंच होतं. नवं दुकान उघडलं होतं ते टांझानियात, त्याच 2017 साली. दुकानाच्या उद्घाटनाला पाहुणा हवाच. त्यासाठी जूनमध्ये दार-एस-सलामला एक स्पर्धा भरवली, स्पोर्टपेसा सुपर कप. केनिया आणि टांझानियाचे आठ संघ, आणि जो जिंकेल त्याला एव्हर्टनशी खेळायची संधी. दार-एस-सलाम हे सिम्बा आणि यांगा या दोन क्लबांचं शहर. त्यांचं वैर असं की एका घरात दोन भाऊ दोन बाजूंचे निघाले तर सामन्याच्या दिवशी जेवण धड होत नाही. अंतिम सामन्यात यांपैकी कुणीतरी असेल असा सगळ्यांचा होरा. प्रत्यक्षात अंतिम सामना झाला दोन केनियन संघांत, गोर माहिया आणि एएफसी लेपर्ड्स. गोर माहिया 3-0 ने जिंकला. म्हणजे मांडव टांझानियाचा, खर्च सट्टा कंपनीचा आणि नवरदेव शेजारच्या गावचा!

आयोजकांची थोडी पंचाईत झाली असणार, पण गोर माहिया काही ऐरागैरा संघ नाही. 1968 साली स्थापन झालेला हा नायरोबीचा क्लब. केनियातल्या लुओ समाजाच्या कथांतल्या एका मांत्रिक वीराचं नाव त्याला दिलेलं, आणि हिरव्या जर्सीतले त्याचे चाहते त्याला प्रेमाने ‘कोगालो’ म्हणतात.

सामन्याचा निकाल एव्हर्टन 2, गोर माहिया 1. रूनीच्या गोलनंतर रवांडाच्या जाक तुयिसेंगेने गोर माहियाला बरोबरी साधून दिली, आणि सामना बरोबरीत सुटणार असं वाटत असताना शेवटी शेवटी कीरन डॉवेल या तरुण पोराने एव्हर्टनचा विजयी गोल केला.

प्रीमियर लीगच्या श्रीमंत संघाला एवढं झगडावं का लागलं? याचं एक साधं कारण कॅलेंडरमध्ये आहे. त्या वर्षी केनियाची लीग कॅलेंडर वर्षाप्रमाणे चालली होती. जुलै म्हणजे गोर माहियाचा भर हंगाम, खेळाडू तापलेले. एव्हर्टनची मंडळी नुकतीच सुट्टीवरून आलेली. सराव सामन्याचा निकाल वाचताना हे एवढं पाहिलं तरी अर्ध्या ‘सनसनाटी’ बातम्यांची हवा निघून जाते. शिवाय असल्या सामन्यांत मध्यंतरानंतर जवळजवळ सगळा संघ बदलतात. नव्वद मिनिटं खेळायचा दम अजून कुणात नसतो आणि कुणाला दुखापत झालेली प्रशिक्षकाला परवडत नाही.

मँचेस्टर सिटी 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेला गेला तेव्हा दोन सामने खेळला आणि दोन्ही हरला. प्रिटोरियात सुपरस्पोर्ट युनायटेडकडून 0-2, दर्बानला अमाझुलूकडून 1-2. नवे प्रशिक्षक मॅन्युएल पेलेग्रिनी यांची ती सुरुवात होती आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी भुवया उंचावल्या. पुढच्या मे महिन्यात हाच संघ प्रीमियर लीग जिंकला. प्रिटोरिया समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरवर आहे, जोहान्सबर्ग साडेसतराशेच्या आसपास. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. चेंडू जास्त लांब जातो आणि समुद्राकाठून आलेल्याला दम लवकर लागतो. आणि ‘आफ्रिका म्हणजे उकाडा’ असं समजून कुणी जुलैत जोहान्सबर्गला गेलाच तर कुडकुडेल. तिथे तेव्हा ऐन हिवाळा असतो.

खरं पाहता आफ्रिकेला जाणं युरोपीय क्लबांना सोयीचं आहे. उन्हाळ्यात लंडन आणि जोहान्सबर्ग यांच्या घड्याळांत एकाच तासाचा फरक, दार-एस-सलामशी दोन तासांचा. रात्री विमानात झोपायचं, सकाळी सरावाला उतरायचं. लॉस एंजेलिस किंवा टोकियोला जाऊन आल्यावर शरीराचं घड्याळ रुळावर यायला कितीतरी दिवस जातात. चाहत्यांचं म्हणाल तर आफ्रिकेत प्रीमियर लीग जेवढ्या भक्तीने पाहतात तेवढी इंग्लंडमध्ये तरी पाहत असतील का, शंका आहे. तरीही प्रीमियर लीगने स्वतः भरवलेल्या उन्हाळी स्पर्धा पाहा. 2003 ते 2019 आशियात, 2023 पासून अमेरिकेत. आफ्रिकेत नाही.

कारण भक्ती आणि सुपारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत एका तिकिटाला जो भाव मिळतो तो लागोसमध्ये किंवा नायरोबीत मागता येत नाही. सुपारी वसूल करायची तर मग मोठा स्थानिक प्रायोजक लागतो, आणि तसा तगडा यजमान खंडात फार थोड्या ठिकाणी सापडतो. दक्षिण आफ्रिका अपवाद ठरली ती त्यामुळेच. व्होडाकॉम या मोबाइल कंपनीने कायझर चीफ्स आणि ऑर्लँडो पायरेट्स या जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोच्या दोन कट्टर वैऱ्यांना आणि एका परदेशी पाहुण्याला घेऊन ‘व्होडाकॉम चॅलेंज’ भरवली. मँचेस्टर युनायटेड 2006 मध्ये आला आणि अंतिम सामन्यात चीफ्सकडून पेनल्टीवर हरला. 2008 मध्ये पुन्हा आला, चॅम्पियन्स लीग ही युरोपातली सर्वांत मानाची क्लब स्पर्धा जिंकून दोनच महिने झाले होते, आणि या वेळी अंतिम सामन्यात चीफ्सना 4-0 ने धुतलं. तिथूनच संघ नायजेरियाच्या अबुजाला गेला आणि पोर्ट्समथला 2-1 ने हरवलं. इंग्लंडचेच दोन क्लब, एकमेकांशी खेळायला अबुजात! वेडेपणा वाटतो, पण पोर्ट्समथने त्याच मे महिन्यात एफए कप ही इंग्लंडची जुनी बाद फेरीची स्पर्धा जिंकली होती तो नायजेरियाच्या कानूच्या गोलवर. अबुजाच्या प्रेक्षकांसाठी पाहुणा संघ कुठला आणि घरचा कुठला, हे सांगायची गरजच नव्हती.

प्रायोजक कंपनीच असायला हवा असंही नाही. बार्सिलोना 16 मे 2018 ला जोहान्सबर्गच्या एफएनबी स्टेडियमवर मामेलोडी सनडाउन्सशी खेळला. निमित्त नेल्सन मंडेलांच्या जन्मशताब्दीचं, यजमान सनडाउन्सचे मालक, खाणउद्योगातले अब्जाधीश पॅट्रिस मोत्सेपे. बार्साची लीग अजून संपलीही नव्हती. रविवारी स्पेनमध्ये सामना, बुधवारी जोहान्सबर्ग, पुढच्या रविवारी पुन्हा स्पेन. लिओनेल मेस्सी मैदानात उतरला तो सामना संपत आल्यावर, शेवटची काही मिनिटं. तेवढ्यासाठी लोक जागेवरून उठून उभे राहिले. बार्सा 3-1 ने जिंकला. मोत्सेपे 2021 मध्ये आफ्रिकन फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष झाले. त्या एका सामन्यामुळे झाले असं म्हणणं अतिशयोक्ती होईल, पण मेस्सीला घरी बोलावणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो एवढं खरं.

आणि अलीकडे तर क्लबला बोलवावंही लागत नाही. 2018 मध्ये रवांडाने ‘व्हिजिट रवांडा’ हे नाव आर्सेनलच्या बाहीवर लावून घेतलं, नंतर पॅरिस सेंट-जर्मेन आणि बायर्न म्युनिकशीही करार केले. गरीब देशाच्या सरकारने श्रीमंत क्लबला पैसे द्यावेत का, यावर पुष्कळ वाद झाला. मला तो वाद बरोबरच वाटतो. पर्यटक येतात हे रवांडाचं म्हणणं खोटं नसेल, पण क्लबने पायाची धूळही न झाडता मिळणारी ही सुपारी आहे.

हे सगळं आपल्याला परकं आहे असं समजू नका. पुण्याच्या बालेवाडी स्टेडियमवर ऑक्टोबर 2011 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा तेव्हाचा प्रीमियर लीगमधला संघ पुणे एफसीशी खेळला आणि 3-0 ने जिंकला. लँकशरच्या त्या गिरणी-गावाचा आणि पुण्याचा काय संबंध? तर 2010 च्या नोव्हेंबरात कोंबड्यांच्या धंद्यातल्या पुण्याच्या वेंकीजने तो क्लब विकत घेतला होता. तोही हंगाम चालू असताना, आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी साधून केलेला दौरा. जिथून पैसा येतो तिथे एकदा जाऊन यावं लागतं. नायरोबीचा नियम बालेवाडीलाही लागू पडला. पुढे 2012 च्या मेमध्ये ब्लॅकबर्न खालच्या लीगमध्ये घसरला, आणि ज्या सामन्यात ते नक्की झालं त्या सामन्यात मालकांवर चिडलेल्या चाहत्यांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती.

राहता राहिला प्रश्न, यजमान गावाला काय मिळतं? एक संध्याकाळ मिळते, आणि ती थोडी नसते. 2019 च्या मेमध्ये स्पेनचा सेव्हिया दार-एस-सलामला आला, त्याच स्टेडियमवर सिम्बाशी खेळला आणि 5-4 ने जिंकला. युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या मानाच्या स्पर्धेवर मक्तेदारी सांगणाऱ्या संघाला आपल्या पोरांनी चार गोल मारलेले ज्याने पाहिले, तो ते नातवंडांना सांगणार. गोर माहियाच्या खेळाडूंना 2018 च्या नोव्हेंबरात थेट गुडिसन पार्कवर, एव्हर्टनच्या तेव्हाच्या घरच्या मैदानावर, खेळायला मिळालं. एव्हर्टनने 4-0 ने हरवलं, पण गुडिसनचं गवत पायाखाली आलं ते आलं. मात्र मैदानं सुधारणं, पोरांची शिबिरं, प्रशिक्षकांची देवाणघेवाण या गोष्टी पाहुणे येतात तेव्हा फोटोपुरत्या असतात. त्या टिकतात की नाही हे प्रायोजक टिकतो की नाही यावर ठरतं.

आणि स्पोर्टपेसाचं प्रायोजकत्व टिकलं नाही. 7 जुलै 2019 ला एव्हर्टन पहिल्यांदा नायरोबीत उतरला, कासारानीच्या स्टेडियमवर, कारिओबांगी शार्क्सविरुद्ध. कारिओबांगी ही नायरोबीच्या पूर्वेकडची कष्टकऱ्यांची वस्ती, आणि तिचा हा संघ त्या वर्षीचा सुपर कप जिंकून आलेला. सामना 1-1 सुटला आणि पेनल्टीवर शार्क्स 4-3 ने जिंकले. वस्तीतला जल्लोष अजून उतरलाही नसेल, तोच त्याच महिन्यात करांच्या वादावरून केनिया सरकारने स्पोर्टपेसाचा परवाना अडवला. ज्या मोबाइल खात्यांवरून पैसे लावले जात ती बंद झाली. ऑगस्टमध्ये कंपनीने गोर माहियासह केनियातल्या क्लबांचं आणि लीगचं प्रायोजकत्व काढून घेतलं. पगार अडकले, प्रवासाचे वांधे झाले, खेळाडू दुसरीकडे गेले. सप्टेंबरमध्ये, लावलेल्या प्रत्येक रकमेवर वीस टक्के कर बसवायचं ठरल्यावर, कंपनीने केनियातलं काम थांबवलं. 2020 च्या फेब्रुवारीत एव्हर्टनने पाच वर्षांचा करार तिसऱ्याच हंगामाअखेर संपवत असल्याचं जाहीर केलं. क्लबला नवा प्रायोजक मिळाला, जर्सीवर नवं नाव आलं. कासारानीवर पेनल्टीत हरलेला तो सामना त्या करारातला एव्हर्टनचा शेवटचा आफ्रिकी सामना ठरला.